बासरी कुठं जाते

"तुही ही सुई बी खोटी हाय, केशोराव!"

सेवकरामनं रेकॉर्ड प्लेअर काउंटरवर ठेवला, तो जवळजवळ आपटलाच. गोंदियाच्या बाजारातलं ते चिंचोळं दुकान. लाउडस्पीकर, ॲम्प्लिफायर आणि पोटं उघडी टाकलेले मिक्सर यांच्या ढिगातून केशोरावनं मान वर केली.

"धीरे भाऊ, धीरे. पुरानी मशीन आहे. आता काय झालं?"

"काय झालं? बासरी नाई वाजत! खालचा सूर येते, वर गेली का गायब. तबला वाजून राहते, अना बासरी कुठं जाते मालूम नाई. पहिले सस्तीवाली देली, थे तशीच. आता हे महागवाली बी तशीच. काऊन फसवून राहिला मले?"

दुकानातली गिऱ्हाइकं वळून पाहू लागली. दाराशी सेवकरामची बायको, रुक्माबाई, हातात पिशवी घेऊन उभी होती. भाचीच्या लग्नाची साडी घ्यायची म्हणून ती आज आमगावहून बरोबर आली होती. नवरा चारचौघांत ओरडायला लागला की ती पदर सावरून भलतीकडेच बघत राही. आताही ती रस्त्यावरच्या सायकली पाहू लागली.

प्लेअर सेवकरामला मिळाला होता त्याच्या जुन्या मिलमालकाच्या बंगल्यातून. जुना बंगला रिकामा करताना मालकाच्या मुलानं अडगळ बाहेर काढली. ती उचलायला मदतीला आलेल्या सेवकरामला तो म्हणाला, "काका, हे नेता का? आमच्याकडे कोणी लावत नाही." सोबत रेकॉर्डींचा गठ्ठाही दिला. त्या गठ्ठ्यात एक रेकॉर्ड नुसत्या बासरीची निघाली, आणि सेवकराम ती हातात धरून तिथंच पायरीवर बसला.

मिसरूड फुटायच्या आधी तो गावच्या दंडारीत, नाचगाण्याच्या त्या खेळात, बासरी वाजवायचा. दिवाळीनंतर दंडार उभी राहिली, सोंगं नाचू लागली की सगळ्या आवाजांच्या वर त्याची बासरी चढायची. पुढे राईस मिलमध्ये नोकरी लागली, पाळ्या सुरू झाल्या, बासरी सुटली ती सुटलीच. तिच्या जागी यंत्रं आली. त्या गोंगाटात उभा राहून कोणत्या बेअरिंगला तेल हवं, कोणता पट्टा सैल पडलाय, हे तो डोळ्यांनी पाहायच्या आधी कानानं ओळखायचा. जुने मालक पाहुण्यांना सांगत, "आमची मिल सेवकरामच्या कानावर चालते." रिटायर होऊन वर्षं लोटली, तरी हे वाक्य तो कोणालाही, कशावरूनही सांगायचा.

प्लेअरचं कार्ट्रिज, म्हणजे दांडीच्या टोकाचं ज्यात सुई बसते ते डबडं, मेलेलं होतं. केशोरावनं त्याच्यापुढे दोन ठेवली होती. एक सिरॅमिक. स्वस्त, दणकट, पण जड बसणारं, रेकॉर्ड घासणारं. दुसरं मॅग्नेटिक. फार भारी नव्हे, पण थोडं जास्त पडणारं. आवाज वाढवायला सोबत एक छोटा डबा लागणारं. "पण बारीक सूर पकडते, भाऊ," असं केशोराव म्हणाला होता. सेवकरामनं आधी स्वस्त नेलं. बासरी पुरी येत नाही म्हणून परत आणलं, दुसरं नेलं. आणि आज तेही घेऊन तो भांडायला आला होता.

केशोरावनं वाद घातला नाही. सुईचं वजन तपासलं, तारा जोडल्या, रेकॉर्ड लावली.

बासरी सुरू झाली. खालचा सूर जाड, गोड, विहिरीतून आल्यासारखा. मग ती एकेक पायरी वर चढू लागली, आणि चढता चढता विरून गेली. मागे उरला तबला.

"हे पाय! आता! गेली का नाई?" सेवकरामनं बोट रोखलं.

बाजूला उभं असलेलं एक गिऱ्हाईक म्हणालं, "काका, वाजून तर राहिली."

"तू याचाच माणूस हाय!" सेवकराम त्याच्यावर धावला. मग दाराकडे वळला. "रुक्मा, इकडं ये. तू सांग याइले. हाय का आता बासरी?"

रुक्माबाई आत आली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, केशोरावकडे पाहिलं. ओठ हलले.

"काय?" सेवकराम खेकसला.

"हाय जी," ती मोठ्यानं म्हणाली. "वाजून राहिली."

घरचं माणूसच उलटलं म्हटल्यावर राग यावा, तसा राग सेवकरामला आलाही. पण तो यंत्रावरचा माणूस होता. बोलण्यापेक्षा करून पाहण्यावर त्याचा भरवसा.

"तू तिकडं तोंड कर," तो म्हणाला. "रस्त्याकडं. बासरी वर गेली का बोट वर कर. खाली आली का खाली कर. मशीनकडं पाहू नको."

रुक्माबाई पाठमोरी झाली. सेवकरामनं स्वतःच्या हातानं सुई उचलून सुरुवातीला ठेवली. बासरी आली, चढू लागली आणि ज्या घडीला त्याच्या कानातून निसटली, त्याच घडीला रुक्माबाईचं बोट वर गेलं.

त्यानं सुई उचलली. पुन्हा ठेवली. बोट पुन्हा तिथंच वर गेलं.

तिसऱ्या वेळी त्यानं सुई उचललीच नाही. रुक्माबाई आता परीक्षा विसरली होती. तिचं बोट नुसतं वर नव्हतं. ते थरथरत होतं, वळत होतं, हलकेच खाली येऊन पुन्हा उसळी घेत होतं. सेवकरामला सुरांचं ते वळण ओळखू आलं. असं वळण बासरीवर बसवायला त्याला कधीकाळी अख्खा हिवाळा लागला होता. दुकानात त्याच्यापुरता फक्त तबला वाजत होता, आणि बासरी समोर बायकोच्या बोटावर दिसत होती.

गर्दीत पाकीट मारलं गेल्यावर माणूस खिसा चाचपतो, तसा त्याचा हात कानाकडे गेला.

"भाऊ, बसा. पाणी घ्या," केशोराव म्हणाला असावा. सेवकरामला त्याचे ओठ दिसले. तो तसाच दुकानातून बाहेर पडला.

स्टेशनवरच्या बाकावर तो कितीतरी वेळ नुसता बसून होता. समोरून मालगाडी गेली. तिचा धडधडाट त्याला नीट ऐकू आला, आणि त्यानं त्याला आणखीच धस्स झालं. मग एवढं सगळं येतं, आणि तेवढंच कसं येत नाही? रुक्माबाई मागून आली आणि बाकाला वळसा घालून त्याच्या उजव्या हाताला बसली.

सेवकरामनं चमकून तिच्याकडे पाहिलं. घरी, लग्नात, एसटीत ती नेहमी याच बाजूला बसायची.

"तू इकडूनच काऊन बसते?"

"हा कान जरा बरा हाय तुमचा."

"कवापासून?"

"मिलमधी होते तवापासून."

"अना मले सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं जी. ऐकू नाई आलं तुमाले."

ती चेष्टा करत नव्हती. बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली. पण शब्द गेले होते आणि ते त्याला स्वच्छ ऐकू आले होते.

"मिलमधी कोनाले मालूम होतं?"

रुक्माबाई पिशवीचे बंद गुंडाळत राहिली. त्यानं पुन्हा विचारलं तेव्हा ती म्हणाली, "सगऱ्याइले. दुधराम भाऊ घरी आले होते. बेअरिंग किंचाळून राहिली होती म्हने. लोकं दुरून धावत आले, अना तुमी जवरच उभे होते. पट्टा तुटला. दुधराम भाऊचा हात थोडक्यात वाचला."

दुधराम त्याचा पाळीचा जोडीदार. पट्टा तुटलेला सेवकरामला आठवत होता. पट्टे तुटतातच. पण त्याच आठवड्यात मालकानं त्याला केबिनमध्ये बोलावलं होतं, खुर्ची दिली होती. "आता यंत्रावर पोरं उभी राहू देत, सेवकराम. गेटवर मला भरवशाचा माणूस पाहिजे." केवढा मान वाटला होता त्याला! त्या संध्याकाळी तो पेढे घेऊन घरी आला होता.

"तुले मालूम होतं," तो हळूच म्हणाला. "तरी तू पेढा खाल्ला."

"खाल्ला," रुक्माबाई म्हणाली. "तुमी लय खुश होते."

आमगावची गाडी लागली. माणसं चढली, उतरली. सेवकराम उठला नाही आणि रुक्माबाईनंही त्याला उठवलं नाही. गाडी गेली. मग तोच उठला आणि बाजाराच्या दिशेनं चालू लागला.

केशोरावनं प्लेअर पुसून बाजूला ठेवला होता. सेवकरामला पाहून तो गडबडला.

"भाऊ, वो सस्तीवाली लावून देऊ का वापस? हिचे पैसे परत घ्या. तसा बी तुम्हाले काय फरक..." तो मध्येच थांबला.

"पडते फरक," सेवकराम म्हणाला. "थे रेकॉर्ड घासते ना? हेच राहू दे. बारीक सूर पकडनेवाली." मग थोडं थांबून, गिऱ्हाइकं ऐकतील इतक्या मोठ्यानं तो म्हणाला, "तुही सुई खोटी नोहती, केशोराव. मीच तुले खोटा म्हनलो."

"जाऊ द्या ना भाऊ." केशोराव उगाच तारा गुंडाळू लागला. "कानाची मशीन मिळते आजकाल. एक डॉक्टर आहे ओळखीचा."

"पाहू."

साडी राहूनच गेली. घरी पोचले तेव्हा दिवस कलायला आला होता. रुक्माबाईनं चहा टाकला. सेवकरामनं प्लेअर फळीवर मांडला, तारा जोडल्या आणि तिला हाक मारली. ती हात पुसत आली. या वेळी तोच उठून तिच्या डाव्या हाताला जाऊन बसला, उजवा कान तिच्याकडे करून.

त्यानं बासरीची रेकॉर्ड लावली. बासरी आली, वर गेली, हरवली, परत आली. तो रेकॉर्डकडे पाहत नव्हता. रुक्माबाईचे डोळे मिटले होते आणि चहा मांडीजवळ गार होत होता. एकदा तिच्या कपाळावर आठी पडली, एकदा ती गालात हसली. कशाला हसली, हे त्यानं विचारलं नाही.

शेवटी तबला थांबला. सुई तबकडीच्या आतल्या कडेला येत चालली होती. कानात आता काहीच उरलं नाही, तेव्हा रेकॉर्ड संपली असं समजून सेवकराम उठला आणि त्यानं दांडीकडे हात नेला.

रुक्माबाईनं डोळे न उघडताच त्याचं मनगट धरलं.

"थांबा जी," ती म्हणाली. "अजून वाजून राहिली."

तो खाली बसला.