दंडावरचा कापूस

सकाळी सव्वानऊ वाजता बाळ निळं पडलं.

तेव्हा ते आजीच्या खांद्यावर होतं. रात्रभर खोकून बेजार झालेलं पोर आता जरा निवलं, म्हणून आजी त्याची पाठ थोपटत खोलीतल्या खोलीत येरझारा घालत होती. खोकला थांबला आणि त्यामागोमाग श्वासही थांबला. आजीला आधी वाटलं, झोपलं. मग खांद्यावरचं डोकं तिला नेहमीपेक्षा जड लागलं.

"सूनबाई! अगं इकडे ये आधी! हा असा काय करतोय बघ!"

सून दुपटी धूत होती. तशीच ओल्या हातांनी धावत आली. बाळाचे ओठ जांभळे झाले होते. तिने त्याला हातावर पालथं घेतलं आणि पाठ चोळली. बाळाने एकदम आत श्वास ओढला आणि ते बारीक आवाजात रडायला लागलं. त्या रडण्याने घरात जरा जीव आला. बापाने तोवर टेम्पो सुरू केला होता. एरवी त्या टेम्पोतून शर्टांचे गठ्ठे जायचे. आज पुढच्या सीटवर बायको, तिच्या मांडीवर महिन्याभराचं बाळ आणि मागे रिकाम्या हौद्यात कठडा धरून बसलेली त्याची आई, असं सगळं घर निघालं.

आदल्याच दिवशी बाळाला कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना दाखवलं होतं. छाती तपासून त्यांनी विचारलं होतं, "आईने गरोदरपणात डांग्या खोकल्याची लस घेतली होती ना?"

"घेतली की," बाप लगेच म्हणाला होता. "कारखान्यातून अर्धी सुट्टी काढून गेली होती."

बाळाची आई शेजारीच बसली होती. तिने बाळाची टोपी सरळ केली.

"मग तशी भीती कमी. साधी सर्दी दिसतेय. नाकात थेंब घाला, वाढलं तर लगेच या," डॉक्टर म्हणाले. ते वाढलं रात्री. दवाखाना तेव्हा बंद होता आणि घरातल्या प्रत्येकाने स्वतःची समजूत घातली, की डॉक्टरांनी बघितलंय तर खरं.

डॉक्टरांनी जे विचारलं होतं त्याचं खरं उत्तर तिघींना माहीत होतं. सुनेला, सासूला आणि नणंदेला. माहीत नव्हतं ते एकट्या नवऱ्याला.

या तिघी एकाच शिलाई कारखान्यात कामाला. सून काज-बटणाच्या मशीनवर, नणंद कॉलरच्या ओळीत. सासू शेवटच्या टेबलावर, जिथे तयार शर्टांचे लोंबते धागे कापतात. कारखाना वाईट नव्हता. गरोदर बाईला लसीसाठी अर्ध्या दिवसाची भरपगारी सुट्टी मिळे. परत आल्यावर सुपरवायझरबाई एवढंच म्हणत, "बाही वर कर." दंडावर चिकटपट्टीखाली कापसाचा बोळा दिसला की झालं. लस घेतली, सुट्टी मंजूर, जा मशीनवर. कापसाखाली काय आहे, हे त्यांनी कधी पाहिलं नाही. मालकाला त्या अभिमानाने सांगत, "आपल्याकडे एकही बाई लसीवाचून राहिलेली नाही."

बायका हुशार. नियम कापसाचा होता, म्हणून त्यांनी कापूस दाखवायला सुरुवात केली.

लसीकरण केंद्रासमोर चहाची टपरी होती. तिथल्या बाकावर त्याच कारखान्यातली, कापडाच्या कडा शिवणाऱ्या ओव्हरलॉक मशीनवरची एक बाई बसायची. सगळे तिला चिमटी म्हणत, कारण बोलता बोलता समोरचीला चिमटा काढायची तिला खोड होती. तिच्या पिशवीत कापसाची गुंडाळी आणि चिकटपट्टी कायम असे. तिसऱ्या गरोदरपणात स्वतःची सुई चुकवायला तिने ती घेतली होती. नंतर इतरजणी मागू लागल्या.

"या, ही आमची शाखा," ती म्हणायची. "इथे रांग नाही, दुखत नाही, ताप येत नाही. शिवाय सिस्टरच्या शिव्या नाहीत!"

बाकावर हसू पिकायचं. सून त्या बाकावर पोचली, त्या दिवशीही हसणं चाललं होतं.

पण ती आधी केंद्रात गेली होती, हे सांगितलं पाहिजे. घरून निघताना सासूने बजावलं होतं, "भरल्या पोटी सुई टोचून घ्यायची नाही. माझ्या लेकीचं काय झालं ते मी या डोळ्यांनी पाहिलंय. कापूस लाव नि ये."

लेकीचं, म्हणजे नणंदेचं, असं झालं होतं, की पहिल्या खेपेला तिने लस घेतली आणि त्याच आठवड्यात पोटातलं मूल हलेनासं झालं. नाळेला पीळ पडला होता. मूल त्याने गेलं, लसीचा त्यात काही संबंध नव्हता. प्रसूतिगृहात डॉक्टर एकमेकांत तसं बोललेही. पण खाटेवर पडलेल्या पोरीला आणि दारात उभ्या असलेल्या तिच्या आईला ते सांगायचं कुणाला सुचलं नाही. आईने मग स्वतःच कारण शोधलं. जवळ दिसलं ते धरलं. आधी सुई, मग मरण. तिच्या हिशेबात चूक काढायला कुणी आलंच नाही, आणि तो हिशेब घराचा कायदा झाला.

सुनेला मात्र लस घ्यायची होती. नवरा म्हणत होता, केंद्रावरच्या फळ्यावर लिहिलंय, बाळासाठी चांगली असते. म्हणून ती रांगेत बसली. पुढच्या बाईने हात पुढे करता करता विचारलं, "सिस्टर, ही कशाची सुई?"

"तुला डॉक्टर व्हायचंय का? बाही वर. बाहेर किती बायका खोळंबल्यात दिसत नाही?"

"नाही, म्हटलं बाळाला काही..."

"पोटात वाढवताना नाही विचारलंस कुणाला! हात सैल सोड."

बाकीच्या बायका खाली मान घालून हसल्या. सुनेच्या मनात जो प्रश्न होता तो हाच होता, फक्त त्यात नणंदेचं मेलेलं मूलही होतं. तो आता विचारणं शक्य नव्हतं. ती उठली. सिस्टरने वर पाहिलंसुद्धा नाही.

चिमटीने तिच्या दंडावर कापूस चिकटवला, वरून हलकीशी फुंकर घातली. "बघ, आमच्याकडे सेवा कशी असते!"

संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, "घेतलीस ना?"

"हो."

"दुखतंय?"

"थोडं."

नवऱ्याने तिला त्या दिवशी पाण्याची बादली उचलू दिली नाही. तिने ते प्रेम मुकाट्याने घेतलं, आणि तिला ते सगळ्यात जास्त दुखलं. दुसऱ्या दिवशी जाऊन खरी लस घ्यायची, असं तिने अंथरुणावर पडल्या पडल्या ठरवलं. पण अर्ध्या सुट्टीचा कापूस दाखवून झाला होता. पुन्हा सुट्टी कशाच्या नावाने मागणार? बाळंतपण होईस्तोवर हे असंच राहिलं.

आणखी एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. बाळ जन्मण्याच्या थोडं आधीपासून सासू खोकत होती. धाग्यांच्या टेबलावर सगळ्याच बायका खोकतात. कापडाचा भुगा नाकातोंडात जातो. "कारखान्याचा खोकला" असं त्याला नाव आहे आणि त्याला कुणी औषध घेत नाही. आजी तो खोकला घेऊन घरी आली, आणि तिच्या तोंडाशी सगळ्यात जवळ जो होता तो तिचा नातू.

इस्पितळात बाळाला काचेच्या खोलीत नेलं. नाकाशी ऑक्सिजनची बारीक नळी लावली. मुलांच्या डॉक्टर बाई वयाने लहान होत्या, पण घाईत नव्हत्या. बाहेर येऊन त्यांनी तोच प्रश्न विचारला.

"घेतलीय मॅडम," बाप म्हणाला. "मी स्वतः कापूस पाहिलाय."

"नाही घेतली," सून म्हणाली.

"अगं, असं काय करतेस? घाबरलीस म्हणून विसरलीस का?"

"विसरले नाही. तो कापूस खोटा होता."

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं, मग आईकडे. आई भिंतीला टेकून उभी होती. तिने पदर तोंडावर धरला होता.

"तिला बोलू नकोस," आई म्हणाली. "मी सांगितलं होतं, घेऊ नको म्हणून."

"आई, मी तुम्हाला नकार देऊ शकले असते," सून म्हणाली. "आणि काल मी डॉक्टरांपुढे बसले होते. तेव्हा तुम्ही नव्हतात तिथे. तेव्हा गप्प बसले ती मीच."

डॉक्टर बाईंनी कुणालाच दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, असं सुनेला वाटलं. त्यांनी एवढंच सांगितलं, की इतक्या लहान बाळाला स्वतःची लस मिळालेली नसते. आईने पोटुशी असताना घेतली, तर आईच्या रक्तातलं संरक्षण त्याच्याकडे जातं. बहुतेक डांग्या खोकलाच आहे, तपासणीला पाठवलंय, पण निकालाची वाट न बघता औषध सुरू करतो. मग त्यांनी विचारलं, "घरात कुणाला बऱ्याच दिवसांचा खोकला आहे?"

उत्तर द्यायची वेळच आली नाही. आजीला तेव्हाच ढास लागली. ती थांबवायला ती बिचारी वाकली, पदर तोंडात कोंबला, तरी थांबेना. संपली तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते नुसतं खोकल्याचं नव्हतं.

"आजी, तुम्हालाही तपासून गोळ्या देते," डॉक्टर म्हणाल्या. "पण बाळाजवळ जायचं नाही. तोंडाला मास्क लावा."

"मी त्याला रात्रभर खांद्यावर घेऊन फिरले हो," आजी म्हणाली.

व्हरांड्यात नवरा बायकोजवळ येऊन बसला. टेम्पोची किल्ली हातात फिरवत राहिला.

"मला तरी खरं सांगायचंस."

"तुम्ही विचारलंत, घेतलीस ना. मी हो म्हटलं. तुम्हाला हो हवं होतं."

"मी बरोबर यायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली. "यायला हवं होतं."

तो नेहमी केंद्राच्या फाटकाशी तिला सोडून निघून जायचा. आत बायकांची रांग, तिथे पुरुषाचं काय काम, असं म्हणायचा.

दुपारी नणंद आली. तिला सातवा महिना होता. दारातच तिने भावजयीचा चेहरा पाहिला आणि ती सरळ काचेपाशी गेली. तिथून तिने भाच्याकडे पाहिलं. बाळाला उबळ आली होती. ते खोकत होतं, खोकत होतं, आणि इतकी इवलीशी छाती एवढं बळ आणते कुठून, असं बघणाऱ्याला वाटत होतं. नर्सने त्याला कुशीवर वळवलं. आत्याचा हात आपोआप स्वतःच्या पोटावर गेला.

"ताई," सून म्हणाली, "तुमच्या दंडावर गेल्या आठवड्यात होता तो कापूस..."

नणंदेने दुसऱ्या हाताने दंड झाकला.

"जा ताई. अजून वेळ आहे म्हणतात."

"मला भीती वाटते गं. एक गेलंय माझं."

दोघींनी आईकडे पाहिलं. इतकी वर्षं या घरात या प्रश्नाचं उत्तर तिनेच दिलं होतं. आता तिला 'जा' म्हणवेना आणि 'नको' म्हणायची तर छातीच उरली नव्हती. ती उठली, बाकाखालच्या चपला पायांनी ओढून घेतल्या आणि म्हणाली, "चल. मी येते तुझ्याबरोबर."

केंद्रात तीच सिस्टर होती आणि तशीच रांग. आई मास्क लावून बाहेर खिडकीशी थांबली. नणंदेची पाळी आली.

"बाही वर कर."

"करते. पण आधी एक सांगा. मागच्या वेळी मी इथेच सुई घेतली आणि माझं मूल पोटातच गेलं. ते कशाने गेलं?"

"हे बघ, मागे गर्दी..."

"असू दे गर्दी. मी थांबते. पण कळल्याशिवाय बाही वर करणार नाही, आणि आज कापूस लावूनही जाणार नाही. माझा भाचा इस्पितळात आहे."

मागच्या रांगेत कुणीतरी हसायला सुरुवात केली होती, ते मध्येच थांबलं. सिस्टरने हातातली सुई ट्रेमध्ये ठेवली. त्या दिवशी सुई हिला आपणच दिली असेल, हे तिच्या लक्षात आलं. दिवसाला किती दंड तिच्यापुढे येत. त्यातल्या कुणाचं पुढे काय झालं, हे तिने कधी विचारलं नव्हतं आणि तिलाही कुणी सांगितलं नव्हतं.

"कशाने गेलं, मला नाही माहीत," ती म्हणाली. तिचा आवाज उतरला होता. "सुईने जात नाही, एवढं माहीत आहे. पण तुझं कशाने गेलं ते प्रसूतिगृहाच्या डॉक्टरांना विचारावं लागेल. फोन करते. बस."

नणंद बसली. तिच्या मागच्या दोघीही खुर्चीवरून हलल्या नाहीत. त्यांनाही ऐकायचं होतं.

तेवढ्यात खिडकीबाहेर आईचा फोन वाजला. मुलाचा होता. मघाशी पुन्हा एकदा श्वास अडकला होता, तो म्हणाला. आता घेतोय. नळी काढलेली नाही. डॉक्टर म्हणतात, आजची रात्र बघू.

आईने ते खिडकीतून लेकीला सांगितलं. आत सिस्टर कानाला फोन लावून उभी होती. पलीकडे घंटी वाजत होती, अजून कुणी उचलला नव्हता.