धाकटीची सोबतीण

पन्नाशी उलटली तरी घरात तिला सगळे धाकटीच म्हणत. थोरल्या ताईचा धाक असा, की धाकटी आजही तिच्याशी सरळ भांडायची नाही. थाप मारून मोकळी व्हायची. या वेळची थाप मात्र मोठी होती. "एकटीने कुठे भटकायला निघालीस?" म्हणत ताई दुखऱ्या गुडघ्यांनिशी स्वतःचीही बॅग भरायला लागली, तेव्हा धाकटीने सांगून टाकलं, की ऑफिसातली मैत्रीण येतेय बरोबर. मैत्रीण कसली नि काय! ऑफिसात फाइलींपलीकडे तिच्याशी कुणी बोलत नसे. पण ताईच्या तोंडून पुन्हा "बिच्चारी एकटी" ऐकण्यापेक्षा खोटं परवडलं.

खोटं एकदा बोललं की ते पोसावं लागतं. सकाळी तिने संग्रहालयातली जुनी घड्याळं पाहिली, खालच्या उपाहारगृहात दोन कॉफ्या मागवल्या आणि दोन्ही कपांचा फोटो ताईला पाठवला. मग दोन्ही तिनेच प्यायल्या. दुसरी पार गार झाली होती. दुपारी उघड्या टपाच्या बसमधून पूल, मनोरे, राजवाडा सगळं झालं. पुलावरून नदी फार सुंदर दिसली. "अगं, बघ तरी!" असं तोंडून निघालंसुद्धा, आणि शेजारच्या सीटवर तिचीच पर्स होती.

"मैत्रिणीचा एकही फोटो नाही तो?" ताईने विचारलं.

"फोटो तीच काढते ना!" धाकटीने ठोकून दिलं.

संध्याकाळी नाटकाच्या मध्यंतरात ताईचा रोजचा फोन आला, आणि तोही व्हिडिओचा. "दे बघू तिला. बोलायचंय मला."

"बाहेर गेलीय, आली की लावते," म्हणून तिने फोन ठेवला. शेजारच्या खुर्चीत एक गुबगुबीत, हसऱ्या मराठी बाई बसल्या होत्या. नवरा कॉफी आणायला गेलेला. धाकटीने लाजत लाजत त्यांना सगळं सांगितलं. बाईंचे डोळे चमकले. "लावा की फोन! घाबरता काय!"

आणि काय वठवलं हो बाईंनी! "ताई, तुमची बहीण म्हणजे अवघड प्रकरण! त्या घड्याळांपुढून हलेचना. शेवटी हाताला धरून ओढली मी. खाण्याचंही तेच, मागे लागावं लागतं!" बोलता बोलता त्यांनी धाकटीच्या खांद्यावर हात टाकला. हात उबदार होता. दिवसभर खरंच कुणीतरी बरोबर होतं, असं धाकटीलाही घटकाभर वाटलं.

पलीकडे ताईने डोळे पुसले. "देवासारख्या भेटलात, बाई. आई गेल्यापासून रोज फोन करते मी हिला. त्याशिवाय झोपच लागत नाही. ही वैतागते, कळतं मला. धाकटे, आता नाही हो छळणार तुला रोज. मजा करा दोघी."

"ताई, अगं..."

पुढचं वाक्य एवढंसं होतं. पण ताईचा चेहरा कितीतरी दिवसांनी असा मोकळा दिसत होता. "बरं," धाकटी म्हणाली.

फोन बंद झाला. "जमलं ना?" बाईंनी हात काढून घेतला. "छान जमलं," धाकटी म्हणाली. तेवढ्यात नवरा कॉफी घेऊन आला आणि बाई त्याच्याकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धाकटी हॉटेलच्या खोलीत फोनचा आवाज मोठा करून बसली. आज ताईला खरं काय ते सांगायचंच, असं तिने ठरवलं होतं. स्वतःहून फोन लावायचा धीर मात्र होईना. जेवणाची वेळ झाली, टळूनही गेली. ताई शब्दाची पक्की होती.