रस्ता सांगणारी

लातूरच्या गंजगोलाईतल्या रामलिंग चष्मेवाल्यांच्या दुकानात एका वेळी दोन माणसं धड उभी राहू शकत नव्हती, असं आमचे शिवशंकर सर प्रत्येक नव्या शाखेच्या उद्घाटनाला सांगतात. रामलिंग हे त्यांचे वडील. सांगताना सरांचा गळा भरून येतो, लोक टाळ्या वाजवतात, फीत कापली जाते, आणि त्या गावातला जुना चष्मेवाला हळूहळू दुपारीच शटर ओढून घरी जायला लागतो. रेणापूर झालं, हदगाव झालं, धर्माबाद झालं. नांदेडात तर आमच्या निळ्या पाट्या इतक्या झाल्या की रिक्षावाला विचारतो, कोणत्या रामलिंगला सोडू? मी तिथल्या मुख्य शाखेत डोळे तपासते. रीतसर पदवी घेतली आहे, हे मुद्दाम सांगते, कारण आमच्याकडे पांढरा कोट घातलेल्या बऱ्याच जणांनी कोटाशिवाय दुसरं काही घेतलेलं नाही.

पण नुसत्या दुकानांवर सर एवढे मोठे झाले नाहीत. ते मोठे झाले शाळांमुळे. आमची माणसं शाळेत जाऊन सगळ्या पोरांचे डोळे फुकट तपासतात. ज्यांना नंबर निघेल त्यांचे चष्मे मात्र आमच्याकडूनच. बदल्यात शाळेच्या बसच्या ड्रायव्हरांना आम्ही नजर चांगली असल्याचा दाखला देतो, तोही फुकट. फुकट म्हटलं की संस्थाचालकांची मान आपोआप डोलते.

सुरुवातीला त्या शिबिरांना मीही जायची. मला नंबरवाली पोरं फार सापडायची नाहीत. मग एकदा सरांनी केबिनमध्ये बोलावलं आणि हसत म्हणाले, "मॅडम, तुमच्या वाट्याला सगळी घारीच्या डोळ्यांचीच लेकरं कशी येतात हो?" समोर बसलेले दोघे मॅनेजरही हसले. मला संताप आला, पण पगाराच्या माणसाचा संताप केबिनच्या बाहेर येऊनच फुटतो. पुढच्या आठवड्यापासून शिबिरांच्या यादीत माझं नाव नव्हतं.

मग लातूरचं प्रकरण झालं. एका मास्तरांनी आपल्या मुलाला आमचा चष्मा घालून सरकारी दवाखान्यात नेलं, तर डॉक्टर म्हणाले, याला नंबरच नाही. हळूहळू आणखी आईबाप गेले. लातूरच्या शाखेत लोकांनी काउंटरवर चष्म्यांचा ढीग घातला, पेपरात फोटो आला. पाठोपाठ त्याच पेपरात आमची पानभर जाहिरात आली. बातमी कुठं गेली ते कुणाला कळलं नाही, जाहिरात मात्र अजून येते.

पोरांच्या बाबतीत चाललेलं मला माहीत होतं. ड्रायव्हरांच्या बाबतीत काय चाललंय ते मला माझ्या घरात कळलं.

माझे बाबा साहेबराव. जन्मभर एसटी चालवली, निवृत्त झाले, आणि घरात बसून मायच्या स्वयंपाकात खोड्या काढायला लागले. तेव्हा मायनंच वैतागून त्यांना शाळेच्या गाडीवर धाडलं. अर्धापूरच्या बाजूच्या आमच्या गावातली पोरं घ्यायची आणि नांदेडच्या अलीकडच्या शाळेत सोडायची. बाबांना साखर आहे. गोळी घेतात आणि वर जिलेबीही घेतात. यंदा मी म्हटलं, तुमचे डोळे मीच तपासते. तर म्हणाले, "तू कामून? तुझ्या कंपनीनं तपासले की. फिट हाय मी." आणि छाती काढून बसले.

त्या रविवारी सकाळी ते अंगणात आले आणि मोठ्यानं म्हणाले, "केवळाबाई, या, बसा की." शेजारच्या केवळाबाई सोडाच, अंगणात कुणीच नव्हतं. पाण्याच्या पिंपावर मायनं ओलं पोतं टाकलं होतं. बाबा त्या पोत्याला बसायला सांगत होते. मी खो खो हसले. म्हटलं, केवळाबाई आज फारच ओलसर दिसतात. बाबाही हसले, पण जरा उशिरानं हसले, आणि हसताना पिंपाकडं न बघता माझ्या आवाजाकडं बघत होते.

दुपारी जेवणं झाल्यावर मी त्यांना ओट्यावर बसवलं. म्हटलं, समोरच्या भिंतीवर आमच्या कंपनीचा तक्ता लावलाय, वाचा. एक डोळा झाकून घ्या.

"ह्या वेळी कशाला?"

"माझ्यासाठी."

बाबांनी डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि वाचायला लागले. "प. र, ग. व, म, ट." खाली खाली येत गेले, कुठं अडखळले नाहीत. शेवटची बारीक ओळ तर त्यांनी असली खडखडीत म्हटली की शाळेत असते तर गुरुजींनी पाठ थोपटली असती. आमच्या सगळ्या शाखांत एकच तक्ता आहे, आणि त्याची शेवटची ओळ मलाही पाठ आहे. ते अगदी बरोबर म्हणत होते.

भिंतीवर बँकेचं कॅलेंडर होतं. दुसरं काहीच नव्हतं.

माय दारात उभी होती. तिनं पदर तोंडात धरला. मी म्हटलं, "बाबा, तिथं तक्ता नाही."

त्यांनी डोळ्यावरचा तळहात खाली घेतला. मग म्हणाले, "सगळ्यांनाच पाठ हाय. शाळेच्या फाटकाजवळ चहावाल्याकडं बसून म्हणतो आम्ही. ज्याला येत न्हाई त्याला दुसरा शिकवतो. तुमचा तपासनीस खाली मान घालून मोबाईल बघतो, त्याला काय पडलंय."

"तुम्हाला किती दिसतं?"

"कडंचं दिसतं. मधी काळा डाग हाय. जिकडं बघावं तिकडं तो आधी जातो."

साखरेनं डोळ्याच्या पडद्याला सूज आली होती. लवकर सांगितलं असतं तर इलाज होता. मला रडूही येत होतं आणि त्यांना धरून हलवावंसंही वाटत होतं. मी ओरडलेच, "मग तीस लेकरं घेऊन गाडी कशी चालवता?"

"शिवांगी सांगते."

आमच्या आळीतल्या गुणाबाईंची नात शिवांगी, चौथीत आहे. चुणचुणीत पोर, बोलायला लागली की थांबायचं नाव नाही. बाबांनी तिला शेजारी इंजिनाच्या झाकणावर बसवलं होतं आणि दोघांचा खेळ ठरला होता. समोर काय दिसतं ते तिनं सांगायचं. म्हैस आली, म्हैस. केळीचा ट्रक आला, केवढा, किती लांब. रस्ता बाबांना हाताला पाठ होता. त्यावर काय आलंय तेवढं ती सांगायची. पोरीला वाटायचं आपण गाडीची मास्तरीण आहोत. बाकीची लेकरं त्या जागेसाठी भांडायची.

"लई हुशार हाय ती," बाबा म्हणाले. "कधी चुकली न्हाई. आता आठ-दहा दिसांपासून चुकून राहिली. लांब हाय म्हणती अन् ट्रक अंगावर येतो. परवा दोन चाकं खाली उतरवली म्हणून वाचलो. रस्ता तिरका दिसतो म्हणती."

"का? काय झालं तिला?"

बाबांनी माझ्या दिशेनं तोंड केलं. "चष्मा लागलाय. तुमच्याच लोकांनी लावला."

मी उठले आणि गुणाबाईंच्या घरी गेले. शिवांगी चष्मा घालून अंगणात ठिक्कर खेळत होती आणि पाय रेघेवर पडत होता. मी चष्मा हातात घेऊन काच डोळ्यासमोर फिरवली. नुसता साधा नंबर असता तर पोरीनं रेटून नेला असता. हा तिरका नंबर होता, दुसऱ्याच कुणाच्या डोळ्याचा असावा असा. घालणाऱ्याची जमीन एका बाजूला कलते, जवळ-लांबचा अंदाज जातो. चष्मा काढून मी तिला लांबच्या खांबावरची पाटी वाचायला लावली. तिनं पाटी वाचली, शिवाय पाटीखाली बसलेल्या साळुंक्या मोजून सांगितल्या.

"हिला हा घालू नका," मी गुणाबाईंना म्हटलं.

"का बरं? शाळेत सांगितलं, काढला तर डोळे जातील म्हणून. पैसे भरलेत आम्ही." त्यांनी माझ्या हातातून चष्मा घेतला आणि पोरीच्या डोळ्यांवर परत बसवला.

सरांना फोन लावला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "मॅडम, वडिलांचं ऐकून फार वाईट वाटलं. त्यांना आराम द्या. शाळेला मी आत्ताच सांगतो, उद्या दुसरा ड्रायव्हर येईल. आपल्या शिबिरातला, फिट माणूस."

"सर, तक्ता सगळ्यांना पाठ आहे. सगळे दाखले रद्द करा. आणि त्या पोरीचा चष्मा..."

"चष्म्यानं कुणी मरतं का, मॅडम?" ते हसले. "लातूरचं आत्ता कुठं निवलंय. तुम्ही आपल्या घरच्या आहात."

मुख्याध्यापकांनाही फोन केला. ते म्हणाले, आमच्याकडं सगळे दाखले फायलीला आहेत, आणि फोन ठेवला. संध्याकाळी बाबांनी शाळेत जाऊन किल्ली दिली. परत आले ते मायच्या खांद्यावर हात ठेवून, इतके दिवस लपवलेलं चाचपडत चालणं पहिल्यांदाच उघड करत.

सोमवारी सकाळी मी गाडीच्या थांब्यावर गेले. गाडी कडेकडेनं, रांगत आली. तेलंगणातला मल्लेश नावाचा माणूस होता, पन्नाशीचा, गोड बोलणारा. "रा अम्मा, रा," म्हणत पोरांना चढवत होता. मी पायरीवर चढले, त्याच्या खिडकीतून ऊन सरळ त्याच्या तोंडावर पडलं होतं, आणि मला त्याच्या दोन्ही बाहुल्या दिसल्या. पिकलेला मोतीबिंदू दोन्हीकडं, दुधाळ. त्याला माझ्याऐवजी फार तर एक सावली दिसत असेल.

मी खाली उतरून हात पसरून उभी राहिले. म्हटलं, लेकरांना उतरवा, या माणसाला दिसत नाही.

आयांनी एकमेकींकडं बघितलं. गुणाबाई पुढं आल्या. "प्रिया, दाखला कुणाचा हाय त्याच्याकडं? तुमच्याच कंपनीचा ना? काल साहेबरावाची गाडी गेली, अन् आज लगेच दुसरा आंधळा झाला व्हय?"

"मावशी, तसं नाही हो. बाबांना पण दिसत नव्हतं."

"मग इतके दिस तू गप कामून होतीस?"

याला माझ्याकडं उत्तर होतं, पण ते ऐकून घ्यायला कुणी थांबलं नाही. आज चाचणीचा पेपर होता. कुणीतरी म्हणालं, बापाच्या नोकरीसाठी किती खोटं बोलावं माणसानं. एका बापानं माझा दंड धरून मला बाजूला केलं. सगळी पोरं चढली. शिवांगी चष्मा सावरत थेट पुढं गेली आणि इंजिनाच्या झाकणावर बसली. मल्लेशनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाला, "तूच का ती रस्ता सांगणारी? चांगलं झालं, अम्मा." त्यानं गिअर टाकला.

मी धावत जाऊन दाराची दांडी पकडली आणि आत शिरले. शिवांगीला उचलून मागच्या सीटवर बसवलं, ती रडायला लागली, आणि मी तिच्या जागेवर बसले. दुसरं काहीही सुचलं नाही. गाडी चालू होती आणि आत तीस लेकरं होती.

"डावीकडं घ्या," मी म्हटलं. "हळू. समोर सायकल. आता पूल. थांबा, थांबा, केळीचा ट्रक, जाऊ द्या त्याला." मल्लेश माझं सगळं ऐकत होता. गुणी माणूस होता बिचारा. माझ्या पाठीवरून घामाच्या धारा वाहत होत्या, मागं पोरं पाढे म्हणत होती. प्रत्येक वळणाला मला वाटायचं की आता माझ्या तोंडून एक शब्द उशिरा निघेल. शाळेचं फाटक आलं तेव्हा माझा आवाज बसला होता.

गाडी मैदानात उभी राहिली. मी पायरीवरून उतरले. एकेक पोर उतरवून घेतलं. तेवढ्यात बाकीच्या गाड्या यायला लागल्या. मुदखेडच्या बाजूची आली, भोकरच्या बाजूची आली, मग लोह्याची, मग आणखी दोन. फाटकातून एकामागून एक आत वळत होत्या. मी समोरच्या काचांमधून आत बघितलं.

प्रत्येक ड्रायव्हरच्या शेजारी इंजिनाच्या झाकणावर एक लेकरू बसलं होतं, डोळ्यांवर आमचा नवा निळा चष्मा, हात पुढं करून काहीतरी सांगत.