खालच्या मशीनवरचा माणूस

"एसी लावा!"

बाल्कनीतून पहिली आरोळी आली तेव्हा दुसरा प्रवेश चालू होता. मग टाळ्या सुरू झाल्या, ठेक्यात, चिडून वाजवतात तशा. माझ्या मागच्या रांगेतले एक काका तिकिटाने वारा घेत बायकोला म्हणाले, "एसीवाला झोपला असेल खाली. फुकटचे पगार खातात."

मी वळले. "झोपलेला नाही तो."

"तुम्ही बघून आलात का?"

आईने माझा हात दाबला. "गप श्वेता. नाटक बघ."

एसीवाला म्हणजे माझे पप्पा. सहदेव तोरसकर. घाटकोपरच्या सुहासिनी नाट्यमंदिरात तळघरातल्या चिलरवर एकोणीस वर्षं. हे मशीन पाणी गार करतं, त्या पाण्यावरून हवा जाते आणि वर आठशे माणसं स्वेटर आणायला हवा होता म्हणून कुरकुरतात. एकोणीस वर्षांत आम्ही इथे एकही नाटक बघितलं नव्हतं. पास मागायची पप्पांना लाज वाटायची. या वेळी आईला ओजस कर्णिकचं नाटक बघायचंच होतं, तर हा माणूस स्वतःच्याच थिएटरच्या खिडकीवर रांग लावून दोन तिकिटं घेऊन आला. मी चिडले, तर म्हणाले, "एम रांगेत हवा कशी येते ते सांग मला. मला खाली नुसता आकडा दिसतो."

हॉलमध्ये ते स्वतः कधी बसलेच नव्हते.

मे महिन्यातला रविवार, दुपारी चारचा प्रयोग, हाउसफुल्ल. एम रांगेत हवा येतच नव्हती. शेवटी ओजस कर्णिक वाक्य अर्धवट सोडून रंगमंचाच्या कडेला आला आणि कपाळावरचा घाम बोटाने निपटून म्हणाला, "रसिकहो, हा घाम भूमिकेतला नाही. एसी चालू होत नाही तोवर मी पुढचं वाक्य बोलणार नाही." लोकांनी त्याला नाटकातल्या कुठल्याही वाक्यापेक्षा मोठी टाळी दिली. पडदा पडला. वीस मिनिटं आधीच मध्यंतर झालं.

आईला बसवून मी तळघरात उतरले.

पॅनेलवर लाल दिवा लागला होता आणि बझर कोकलत होता. पप्पा एका हाताने जाड पाइप चाचपत होते, मग दुसरा पाइप, मग परत पहिला. ताप आलेल्या पोराचं कपाळ बघतात तसे. त्यांच्यामागे नंदकुमार सबनीस उभे होते. ट्रस्टचे मॅनेजर. पांढरा झब्बा, हातात मोबाइल, काखेत घामाचे दोन नकाशे.

"रिसेट कर ना, सहदेव! बटण तर दाबायचंय!"

"दोनदा केलं, साहेब. चार वीसला केलं, पाऊण तासाने परत केलं. ही तिसरी ट्रिप. हाय प्रेशर." पप्पांनी बझर बंद केला. "गच्चीवरच्या कूलिंग टॉवरवरून येणारं पाणी गार आहे, पंप बरोबर चाललाय. पण नळ्यांना आतून क्षार बसलाय. गॅसची गरमी पाण्यापर्यंत पोचतच नाही, मग प्रेशर चढतं. मार्चपासून लिहून देतोय, नळ्या साफ करून घ्या. बोअरिंगचं पाणी टॉवरला सोडू नका म्हणून पण लिहिलंय. तुमच्या सह्या आहेत."

"ते आत्ता काढू नकोस. आत्ताचं बोल."

"आत्ता अर्ध्या लोडवर चालवतो. बाजूचे दरवाजे उघडा, भिंतीवरचे पंखे लावा. थोडं उकडेल, पण नाटक होईल."

"हाउसफुल्ल आहे! अर्धं काय? पब्लिक मला फाडून खाईल." सबनीसांनी मोबाइल पप्पांच्या नाकासमोर धरला. "हे बघ, सर्व्हिसवाल्याने सांगितलंय. त्या प्रेशर स्विचला वायर मारून बायपास कर. एक तासाचा प्रश्न आहे."

पप्पा मोबाइलकडे बघतच नव्हते. "तो स्विच आहे म्हणून मशीन बंद पडतंय, साहेब. वायर मारली की मशीनला वाटणार सगळं ठीक आहे. प्रेशर चढतच राहणार. फाटलं तर हा सगळा गॅस बाहेर. वर आठशे माणसं आहेत. मी नाही करणार."

"नाही करणार?"

"नाही."

सबनीसांनी मोबाइल खिशात टाकला. मग एकदम शांत आवाजात म्हणाले, "मग उद्यापासून येऊ नकोस. तू कंत्राटावर आहेस, मला कोणाला विचारावं पण लागत नाही. आणि आत्ता माझ्याबरोबर वर चल. स्टेजवर उभा राहा आणि लोकांची माफी माग. तुझ्यामुळे शिव्या मी खाणार नाही."

"त्यांच्यामुळे?" माझा आवाज चिरकला. "तुम्ही नळ्या साफ केल्या नाहीत आणि माफी त्यांनी मागायची?"

"ही कोण?"

"मुलगी माझी," पप्पा म्हणाले आणि माझ्याकडे न बघता, "गप रव गो." चिंध्यांनी हात पुसले आणि ते निघाले. मला वाटलं होतं ते नाही म्हणतील. वायरला नाही म्हणणारा माणूस याला हो कसा म्हणतो? मी त्यांच्या मागे दोन-दोन पायऱ्या चढत गेले.

विंगेतून मी बघितलं. सबनीसांनी माइकवर बरंच काही सांगितलं, तांत्रिक बिघाड, दिलगिरी, संबंधित कर्मचारी. मग त्यांनी पप्पांना पुढे ढकललं. निळा शर्ट, गुडघ्यावर ग्रीस, पायात रबरी सोल फाटलेले बूट. त्यांनी उजेडाने डोळे बारीक केले. हात जोडले.

"नमस्कार. मी सहदेव तोरसकर. खालच्या मशीनवर असतो. तुम्हाला उकडलं. माफ करा."

पप्पांना अजून काही बोलायचं होतं, तोंड उघडलंही होतं, पण सबनीसांनी माइक काढून घेतला. बाल्कनीतून कोणीतरी ओरडलं, "काका, आता खाली जा आणि काम करा!" सगळा हॉल हसला. एम रांगेत आई बसली होती. तिची मान खाली होती. त्या क्षणी मला त्या आठशे माणसांचा असा राग आला की सगळ्यांना आतच कोंडून दाराला कडी लावावीशी वाटली. पप्पांचाही राग आला. त्यांचा सगळ्यात जास्त.

तेवढ्यात जाळीतून गार हवेचा झोत आला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या वाजवल्या. पप्पांचा चेहरा पांढरा पडला. जोडलेले हात सुटले आणि ते धावत सुटले. लोकांना वाटलं लाजून पळाले, म्हणून अजून हसले.

खाली सुशांत उभा होता. लाइटचा इलेक्ट्रिशियन, रोज पप्पांच्या डब्यातला बांगडा खाणारा. हातात पकड. स्विचच्या दोन टोकांना लाल वायरचा वीतभर तुकडा जोडलेला होता.

"सबनीस बोलले," तो पुटपुटला. "सॉरी, सहदेवभाऊ. माझी पण नोकरी आहे ना."

म्हणजे पप्पांना वर नेलं ते माफीसाठी नव्हतंच. त्यांना मशीनपासून हलवायचं होतं, बस.

"बंद करा," मी म्हणाले. "पप्पा, बंद करून टाका आणि चला घरी. तुम्हाला काढलंय ना? मग मरू दे त्यांना!"

"वायर काढून बंद केलं तर हे परत लावणार. मी नसताना लावणार." त्यांनी पॅनेलवरच्या, मशीन एकदम बंद करायच्या मोठ्या लाल बटणावर डावा तळहात ठेवला. न दाबता, नुसता ठेवला. नजर प्रेशरच्या सुईवर. उजव्या हाताने लोड अर्ध्यावर आणला. चढलेली सुई थांबली, जरा उतरली. "सुशांत, वर जा. भिंतीवरचे पंखे लाव. दरवाजे उघड. सबनीसांना सांगू नको, नुसते उघड."

सुशांत पळाला.

एक तास दहा मिनिटं. सुई वर आली की ते लोड उतरवायचे, खाली गेली की थोडा चढवायचे. तारेच्या जोडणीने जे काम मशीनकडून काढून घेतलं होतं ते एक छप्पन्न वर्षांचा, नोकरीवरून काढलेला माणूस उभ्याने करत होता. त्याबद्दल त्याला कोणी एक पैसा देणार नव्हतं. डावा हात त्यांनी एकदाही काढला नाही. मी पाण्याची बाटली त्यांच्या तोंडाला लावली.

"माफी का मागितलीत?" मी विचारलं. राग गिळता येत नव्हता.

"लोकांना उकडत होतं की नाय?"

"म्हणून काय झालं?"

"ते खरं होतं. खऱ्याची माफी मागायला काय होतंय? वायर मारायची नाय, ते वेगळं." सुईवरून नजर न काढता ते थोडं हसले. "हॉल केवढो मोठो आसा गो! माका वाटलेला ल्हानसो असात."

मला रडू आलं. मी पंपांकडे तोंड करून उभी राहिले.

वर नाटक रंगलं होतं. पायांचे आवाज यायचे, मधूनच हसण्याची लाट. शेवटी टाळ्यांचा कडकडाट झाला. मग माइकवरून ओजस कर्णिकचा आवाज छतातून झिरपत खाली आला. प्रकाशयोजना, ध्वनी, रंगभूषा, सगळ्यांची नावं घेऊन झाली. "आणि विशेष आभार श्री. नंदकुमार सबनीस यांचे. त्यांनी तातडीने धावपळ करून एसी सुरू करून दिला, म्हणून हा प्रयोग होऊ शकला. त्यांच्यासाठी जोरदार टाळ्या!"

टाळ्या जोरदार झाल्या.

मी जिन्याकडे निघाले. माइक हिसकावून घेणार होते, मग काय व्हायचं ते होऊ दे.

"थांब," पप्पा म्हणाले. "अजून काम आहे."

त्यांनी कॉम्प्रेसर बंद केला. एवढ्या वेळात पहिल्यांदा डावा हात बटणावरून काढला. बोटं उघडत नव्हती, उजव्या हाताने एकेक सरळ केली. मग कॉम्प्रेसरचा मेन स्विच पाडला, टेस्टर लावून खात्री केली आणि ती लाल वायर सोडवली. फेकली नाही. रजिस्टर उघडलं. आजच्या पानावर त्यांच्या गोल अक्षरात आधीच लिहिलेलं होतं: चार वीस, हाय प्रेशर, रिसेट. पाच पाच, हाय प्रेशर, रिसेट. पाच पंचवीस, हाय प्रेशर, रिसेट केले नाही. त्याखाली त्यांनी तो वायरचा तुकडा ठेवला आणि काळ्या टेपच्या दोन पट्ट्यांनी पानाला चिकटवला. शेजारी वेळ लिहिली. पुढे पूर्ण नाव लिहून सही केली.

"सबनीसांच्या सहीचा रकाना?" मी विचारलं.

"तो त्यांचा."

लोक बाहेर पडत होते. जिन्यावर आईच्या चपलांचा आवाज आला. ती दारात थांबली. पप्पांकडे बघितलं, मशीनकडे बघितलं, आणि पदराने त्यांच्या मानेवरचा घाम पुसला.

"चला आता," ती म्हणाली. "काढलंय ना त्यांनी तुम्हाला? सुशांतने सांगितलं."

"चल म्हणतेस," पप्पा घड्याळ बघत म्हणाले, "पण कॉम्प्रेसर बंद केल्यावर पंप पाच मिनिटं चालू ठेवायचा असतो."

मग आम्ही तिघं तेलाच्या डब्यांवर बसलो. वर झाडूवाल्यांनी खुर्च्यांखालून झाडायला सुरुवात केली होती. पाच मिनिटं झाल्यावर पप्पा उठले, पंप बंद केला आणि किल्ली खिळ्याला लावली.

"एम रांगेत हवा आली का?" त्यांनी आईला विचारलं.

"आली," आई म्हणाली. "बरी होती."

त्यांनी रजिस्टर परत उघडलं आणि तेही लिहिलं.