मनोहररावांना सूट नाही

हिशेब मागणारे लोक सगळीकडे असतात. बळजबरीनं हिशेब दाखवणारा माणूस लकडगंजात एकच, मनोहरराव. पोरींना खो-खो शिकवणारी त्यांची छोटीशी संस्था. महिना संपला की सगळा जमाखर्च मैदानाच्या भिंतीवर लावायचे आणि रस्त्यानं जाणाऱ्याला हात धरून वाचायला उभं करायचे. तो बिचारा दही घेऊन घरी निघालेला असला तरी सुटका नाही. "वाच ना गा! लोकाइचा पैसा हाय, लपवाचं काय त्यात?" स्वतः प्यालेला चहासुद्धा त्या खर्चात लिहिलेला असायचा.

मग संस्थेचं कामकाज पाहायला हर्षा आली आणि तिनं मुलींच्या सुरक्षेचे नियम आणले. त्यातला मुख्य असा, की कोणीही मोठ्या माणसानं मुलीला एकटीला गाडीत न्यायचं नाही. सोबत आणखी एक मोठं माणूस हवंच. मनोहररावांनी झोकात सही ठोकली. पालकांपुढे भाषणही केलं, "नियम म्हणजे नियम, कोणालेच सूट नाही!" टाळ्या पडल्या. या 'कोणालेच'मध्ये आपणही येतो, हे काही त्यांच्या डोक्यात शिरलं नव्हतं. आता तुमच्याआमच्या तरी कुठं शिरतं?

रामटेकला अंतिम सामना होता. हर्षा पोरींना बसमध्ये घालून सकाळीच निघाली. मनोहरराव संत्र्यांची पेटी घेऊन मागून आपल्या गाडीनं जाणार, तेवढ्यात मयुरा धापा टाकत मैदानावर आली. संघातली सगळ्यात चपळ पोर, आणि नेमका हिचाच ऑटो वाटेत बंद पडलेला. आईबाबा कामावर गेलेले.

"रडू नको वं, मी हावो ना! बस गाडीत. कन्हानच्या पुलाच्या आत गाठतो त्याइले."

मयुरानं गाडीत वाकून पाहिलं. "आबाजी, सोबत कोण हाय?"

"सोबत कायले पायजे?"

"हर्षाताईनं सांगतलं हाय, एकटं नाही बसाचं."

"अवं, मले ओळखत नाही का तू? काहून असं करून राहिली? सामना हाय ना तिकडं!" मनोहररावांचा आवाज चढला. पोर घाबरली, डोळे भरले, पण पाय काही उचलला नाही.

"तुम्हीच तं म्हटलं होतं आबाजी, कोणालेच सूट नाही."

मनोहररावांची कानशिलं तापली. उभ्या जन्मात कोणी बोट दाखवलं नव्हतं, आणि आज ही एवढीशी पोट्टी! फार लागलं त्यांना. तणतणत त्यांनी हर्षाला फोन लावला. ती मयुराला समजावेल, अशी त्यांची खात्रीच होती.

"काका," हर्षा शांतपणे म्हणाली, "भिंतीवर हिशेब लावता, तेव्हा तुमच्यावर कोणाचा संशय असतो का?"

"छ्या! कोणाची हिंमत हाय?"

"मग कशाला लावता?"

मनोहरराव अडखळले. "लोकाइले विचाराची पाळी येऊ नये म्हून."

"हेही तसंच. काकूंना घ्या सोबत. मयुराच्या आईला मी कळवते. उशीर झाला तर तिच्याशिवाय खेळू."

"हरू ना वं तिच्याशिवाय!"

"मग हरू," म्हणाली आणि फोन ठेवला तिनं.

मयुराला फाटकाजवळच थांबवून मनोहरराव घरी पळाले. त्यांच्या पत्नी रुखमाबाई सांबारवडीसाठी कोथिंबिरीचं सारण परतत होत्या. कढई तशीच उतरवून, पदर खोचून त्या गाडीत येऊन बसल्या आणि मयुराला बघताच म्हणाल्या, "मी या माणसासोबत जन्मभर एकटी राहिली वं, माह्यासाठी नाही काढला कोणी नियम!"

मयुरा खुदकन हसली. मनोहरराव तोंड फुगवून गाडी हाकत राहिले. कामठी गेली, कन्हान गेलं, तरी मनातली सल जाईना. शेवटी त्यांनी विचारलंच, "पोरी, तुले माह्यी भीती वाटली का?"

"नाही आबाजी. भीती वाटली ती 'नाही' म्हणाची." ती जरा थांबली. "आमच्या गल्लीत एक जण हाय. रोज गाडी थांबवते, बस म्हणते, सोडून देतो. घरी येणंजाणं हाय त्याचं. एकडाव बसली मी, आता त्याले टाळून राहिली. नाही म्हणाची हिंमतच होत नोती. पण आज तुम्हाले 'नाही' म्हटलं ना! तुमच्याएवढा मोठा तं तो नाही."

मनोहररावांनी गाडी बाजूला घेतली. आपण आणखी थोडं ओरडलो असतो तर ही पोर मुकाट्यानं बसली असती, आणि उद्या त्याच्याही गाडीवर बसली असती. डोळ्यांतलं पाणी त्यांनी लपवलं नाही.

रुखमाबाईंनी मयुराला जवळ ओढलं. "त्याचं आपण पाहू. हर्षाले सांगू, तुह्या मायले सांगू. भेवाचं नाही." मग नवऱ्याकडे वळल्या, "अन् तुम्ही काय रडून राहिले? चालवा ना गाडी, सामना हाय पोरीचा!"

पहिला डाव संपता संपता ते पोचले, दुसऱ्या डावात मयुरा उतरली आणि पोरींनी एका गुणानं सामना मारला. सगळ्या नाचत होत्या तेव्हा हर्षा आणि रुखमाबाई गल्लीतल्या त्या माणसाबद्दल बोलायला मयुराला घेऊन झाडाखाली बसल्या. मनोहररावही लगबगीनं तिकडं निघाले, तर मयुरानंच हात वर केला.

"आबाजी, आत्ता तुम्ही नाही."

"बरं वं माय," मनोहरराव म्हणाले, आणि असे खुशीत मागे फिरले, जसा काही सामना त्यांनीच जिंकला होता.