दोन किलोचा हात

शपथेवर सांगते, आणि मोठ्यानं सांगते, आत भाजी चिरत बसलेल्या तुझ्या आईलाही ऐकू जाऊ दे: यातला शब्दन् शब्द खरा आहे. एक अक्षर खोटं निघालं तर माझे उरलेले चार दात आत्ता इथं पडोत.

तेव्हा तू तुझ्या आईच्या पोटात होतीस, सहा महिन्यांची. तुझे आजोबा सुतार. घरामागच्या शेडमध्ये त्यांचं काम चालायचं. मी चहा घेऊन गेले, तर जमिनीवर रंध्यातून निघालेल्या लाकडाच्या पातळ गुंडाळ्या घोट्यापर्यंत साचलेल्या. इतक्या हलक्या, इतक्या पिवळ्या, की मला वाटलं आपण ढगावर पाय ठेवतोय. ठेवला. ढग सरकला. कप वाचला, उजवं कोपर गेलं.

पडले तीसुद्धा किती सावकाश. वाटेत आजोबांना म्हटलं, अहो, झाडून घ्या म्हणून सकाळीच सांगितलं होतं. वाक्य पुरं झालं आणि मग जमीन आली.

हाडांची डॉक्टरीण लहानखुरी होती, माझ्या खांद्याला लागेल एवढी. तिनं एक्स-रे खिडकीला धरला आणि बोटानं तुकडे मोजले. कोपराला संधिवात जुना होता, हाड आतून भुसभुशीत झालेलं, आणि आता त्याचे सात तुकडे. चहात बुडवलेल्या बिस्किटाला टाचणी लावायची म्हटलं तर कशी लावणार, म्हणाली. पट्टी आणि स्क्रू धरणार नाहीत. आजोबा लगेच म्हणाले, वाळवी लागलेल्या चौकटीत स्क्रू नाहीच धरत. झालं. तिथून पुढं ते दोघं एकाच धंद्यातले असल्यासारखे बोलायला लागले आणि मी मधे फळीसारखी बसून राहिले.

तिनं खणातून एक धातूचा सांधा काढला. एक दांडी दंडाच्या हाडात जाणार, दुसरी हाताच्या, मधे पिन. आजोबांनी तो घेतला, उघडला, मिटला, कानाशी नेऊन ऐकला.

"ही तर बिजागरी आहे."

"बिजागरीच आहे, काका."

"आणि ढिली आहे जराशी."

ते मुद्दाम ठेवलेलं असतं, ती म्हणाली. अगदी घट्ट केली तर जोर सगळा हाडावर येतो आणि दांडी आतून उखडते. आजोबांचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना ते हेच सांगत होते, की दाराला श्वास घ्यायला जागा हवी, आणि कोणी ऐकत नव्हतं. मग त्यांनी विचारलं, बसवणार कशानं? सिमेंटनं, ती म्हणाली. आजोबांचं तोंड पडलं. म्हणजे शेवटी गवंडीकामच.

ऑपरेशनच्या दिवशी आधी मानेपाशी सुई देऊन हात बधिर केला आणि मग मला झोपवलं. आता पुढचं नीट ऐक, कारण ते फक्त मी पाहिलंय. मी माझ्याच हातात गेले. आत एक लांब पांढरा बोळ होता, भिंती दुधावरच्या सायीसारख्या, हात लावला की सुरकुतणाऱ्या. मधोमध एक दार निखळून पडलेलं. त्याच्यापाशी डॉक्टरीण आणि तुझे आजोबा, दोघांच्या डोक्यावर हिरव्या टोप्या, आजोबांच्या कानावर पेन्सिल. आजोबा म्हणतात, मी बाहेर बाकावर बसलो होतो. म्हणू दे. दाराजवळ एक पिवळसर दोरी पडली होती, करंगळीपर्यंत जाणारी नस ती. डॉक्टरणीनं ती दोन बोटांनी अशी अलगद बाजूला ठेवली, जशी झोपलेली मांजर आपण खुर्चीवरून उचलून ठेवतो. मग वाटीत सिमेंट कालवलं, दार उभं केलं, आणि ती मला म्हणाली, ढकलून बघा, काकू. मी एक बोट लावलं. दार उघडलं, कुरकूर नाही, काही नाही. पलीकडे मोठी थोरली दुपार पसरली होती आणि त्या दुपारीत कोणीतरी एवढंसं, माझ्याकडे पाठ करून बसलं होतं. मी हाक मारणार, तेवढ्यात कोणी माझ्या गालावर थापट्या मारल्या. उठा काकू, झालं.

मी जागी होते आणि हात झोपलेला. दोन उशांवर ठेवला होता म्हणे, पण मला तो वर पंख्यापाशी तरंगताना दिसत होता. नर्सला म्हटलं, त्याला बांधून ठेवा, खिडकी उघडी आहे. ती म्हणाली, बधिर केलाय ना, संध्याकाळपर्यंत उतरेल खाली. उतरला. कसा उतरला ते मी सांगणार नाही, तू लहान आहेस.

मग व्यायाम. तो करून घेणाऱ्या बाईंचं नाव मी "थोडंसं अजून" ठेवलं होतं. हात तोंडाकडे न्या, थोडंसं अजून. कानाकडे न्या, थोडंसं अजून. दीड महिन्यानं मी माझा अंबाडा माझ्या हातानं घातला. वाकडा होता, तरी दिवसभर सोडला नाही. त्याच अंबाड्यानिशी डॉक्टरणीला दाखवायला गेले, आणि तिथं तिनं ते सांगितलं.

"या हातानं एका वेळी दोन किलो, काकू. त्याच्यावर नाही."

मी विचारलं, किती दिवस? ती म्हणाली, कायमचं. जड उचलत राहिलं तर दांडी सिमेंटमधून सुटते, आणि दुसऱ्यांदा बसवायला हाडच उरत नाही. मग हात लोंबकळतो नुसता, घास तोंडापर्यंत जात नाही.

मी विचारलं, जन्मलेलं बाळ किती किलोचं असतं? तिनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, तीन धरा.

मी घासाघीस केली, खोटं कशाला बोलू. म्हटलं, आधी वरचा अर्धा भाग उचलला आणि मग खालचा, तर? म्हटलं, बाळानं श्वास रोखून धरला तर? ती हसली, पण आकडा काही हलला नाही. मांडीवर घ्या, कोणीतरी आणून ठेवेल, म्हणाली. परत येताना वाटेभर माझ्या डोक्यात तेच. तू येणार, तुला उचलायला मी नाही, कोणीतरी मला आणून देणार, पार्सलसारखी. घरी येऊन मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. गुंडाळ्या त्यांच्या होत्या ना.

तिसऱ्या दिवशी त्यांनी रंधा काढला. घरातलं जे जे मी उचलीन ते सगळं त्यांनी तासायला घेतलं. पाट, खुर्च्या, पोळपाट. खुर्च्या इतक्या हलक्या झाल्या की वारा सुटला की त्या आपणहून उन्हातून सावलीत जायच्या. दारं तासली, तर त्यांच्यातून पलीकडचा दिवा दिसायला लागला, आणि शेजारचे काका खोकले की आमचं दार उघडायचं. पाव्हणे आत आले की हळू बोलायचे, घर उडेल म्हणून.

पण बाळ काही तासता येत नाही. म्हणून मग त्यांनी छताच्या तुळईला दोन कप्प्या ठोकल्या, त्यांवरून दोर घेतला. एका टोकाला तुझी वेताची टोपली, दुसऱ्या टोकाला वाळूची पिशवी. तू तीन किलो दोनशे ग्रॅम निघालीस, तर वाळू तीन किलो दोनशे, टोपलीची वेगळी. तू दूध प्यालीस की आजोबा चमच्यानं वाळू घालायचे, ओला लंगोट बदलला की चमच्यानं काढायचे. वही नाही काही नाही, सगळा हिशेब डोळ्यांनी. मी टोपलीला एक बोट लावायचं आणि तू वर यायचीस, पोस्टानं आलेल्या पत्राएवढ्या वजनाची, थेट माझ्या छातीशी. कोणी आणून द्यायला नको.

आणि एका दुपारी तू ढेकर दिलास.

ढेकर बाहेर गेला, वजन घटलं, वाळू जिंकली. टोपली वर गेली आणि तुळईला अडकून थांबली, तू नाही थांबलीस. तू टोपलीतून निघून छताशी गेलीस, तिथं पाठीवर वळलीस आणि मुठी चोखायला लागलीस. पडदे तुझ्या मागून उचलले. दोन खुर्च्या उठल्या. पोळपाट खिडकीशी जाऊन बाहेर बघत बसला. मी खाली उभी, आणि मला अजिबात भीती वाटली नाही, कारण खोलीभर ती ऑपरेशनमधली दुपारच पसरली होती, सायीच्या रंगाची.

तुझी आई न्हाऊन आली, डोक्याला टॉवेल.

"आई, बाळ कुठंय?"

"वर आहे."

"वर कुठं?"

"दिव्याच्या जरा डावीकडे."

ती वर बघायच्या आत मी हात वर केला. कोपर सरळ झालं, थोडंसं अजून, थोडंसं अजून, आणि तू माझं बोट धरलंस. मी तुला खाली ओढलं. वजन म्हणशील तर काहीच नाही. दोन किलोच्या कितीतरी आत.

आता दात पडायला नकोत, म्हणून एवढं एक सांगून टाकते. कप्प्या काही वेळेवर आल्या नव्हत्या. नववा दिवस उजाडला त्या बसायला. तू आलीस त्या पहिल्या सकाळी आजोबा दोर आणायला गेले होते, तुझी आई गाढ झोपली होती, आणि तू रडलीस. मी तुला उचललं. दोन्ही हातांनी, पण खरा भार उजव्यावर, मला उजव्याचीच सवय. तीन किलो दोनशे. खिडकीपर्यंत नेलं आणि परत आणलं. कोपर हूं की चूं करत नव्हतं. तू गप्प झालीस, मी रडले, आणि खाली ठेवलं. एकदाच. त्यानंतर कधी नाही.

दरवर्षी डॉक्टरीण एक्स-रे खिडकीला धरते आणि म्हणते, काय छान जपलंय काकू, एकदाही नियम मोडला नाहीत. आणि मी तिच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसते.