बिरदेवचा उजवा पाय

कुपवाडच्या त्या कारखान्यात क्रेनची एक रीत होती. खाली उभ्या असलेल्या माणसानं हातानं इशारा दिला, की मगच वरच्यानं माल उचलायचा. खाली बिरदेव असायचा, वर केबिनमध्ये जयराज. एके दिवशी मोबाइलच्या नादात जयराजनं इशारा यायच्या आधीच पत्र्याची कॉइल उचलली. ती सटकून बिरदेवच्या अंगावर आली आणि त्याचा उजवा पाय मांडीतून कापावा लागला. "त्यानंच हात केला हुता," जयराजनं छातीठोक सांगितलं. सगळ्यांना ते पटलं. पटायला काय जातंय? पाय त्यांचा थोडाच गेला होता!

बिरदेवला आता एकच गोष्ट हवी होती. जयराजच्या डोळ्यांसमोरची आपली जागा. मालक म्हणाले, "इशाऱ्याला दोन्ही हात मोकळे लागतात. काठीशिवाय उभा राहत असशील तर ये. नाहीतर गेटवर खुर्ची आहेच."

सांगलीच्या दवाखान्यात समीक्षा मॅडम नकली पायावरची त्याची चाचणी घेत. हात न टेकता खुर्चीवरून उठणं, चालून वळणं, खाली पडलेला रुमाल उचलणं, सगळं जमलं. घोडं अडलं ते वजनकाट्यांवर. दोन पायांखाली दोन काटे. डावा भरायचा, उजवा जागचा हलायचा नाही.

"भार टाका त्याच्यावर," मॅडम म्हणायच्या.

"ल्हानपणी मेंढरामागं काठीला टेकून एका पायावर दिस काढल्यात, मॅडम. दुसरा पाय इसाव्याचाच, ही सवय हाडात हाय."

शेवटच्या चाचणीला मालकांनी जयराजलाच बघायला धाडलं. तोंडात मावा धरून तो बाकावर ऐसपैस बसला. "कशाला जिवाचा आटापिटा करतुयास गड्या? गेटवर सावली हाय, पंखा हाय. बस की निवांत."

बिरदेवच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. उजवा तळपाय रबराचा होता, तरी गेली. तो काट्यांवर चढला. उजव्या पायाखाली जयराजचं नरडं आहे असं त्यानं मनात धरलं आणि दाबलं. काटा सरकन वर गेला. मॅडमनी डोळे मिटायला सांगितले, छातीला हलका धक्का दिला. बिरदेव हलला नाही. डोळे मिटल्यावर तर ते नरडं आणखी स्पष्ट दिसत होतं.

"आज काय जादू केलीत?"

"जरा नेट लावला, मॅडम."

जयराजचा मावा तोंडातच राहिला.

सोमवारी बिरदेव आपल्या जागी उभा होता. ट्रकवरच्या कॉइलला हुक अडकवून झाला होता. वर केबिनमध्ये जयराज, आजूबाजूला पाळीवरचे सगळे कामगार. बिरदेवनं पंजा वर केला. थांब. पंजा तसाच राहिला. ट्रकवाला हॉर्न वाजवायला लागला.

"आरं, दे की इशारा!" जयराज वरून ओरडला.

"त्या दिशी दिला हुता का रं मी?"

एकेकानं आपलं यंत्र बंद केलं. सगळ्यांच्या माना वर वळल्या. जयराजनं इकडंतिकडं पाहिलं. इशाऱ्याशिवाय लिव्हर ओढायची त्याची छाती होईना, आणि खाली उतरायलाही तोंड नव्हतं.

"न्हवता दिला," तो शेवटी पुटपुटला. पुढं उभ्या असलेल्यांनाच ऐकू गेलं.

बिरदेवनं दोन्ही पायांवर सारखा भार घेतला. पंजा खाली आला नाही.

"मागच्यांस्नी ऐकू न्हाई आलं," तो म्हणाला.